गंगव्वा, ती चोळी कुणाची होती

अव्वा, मला सोडवलं ते तुम्ही. हे आधी लिहितो. कळंबच्या पेठेत फुटाण्याची भट्टी लावणाऱ्या गंगव्वांनी तुळशीराम शिंप्याचं मशीन सोडवलं, चोळ्यांचं गाठोडं सोडवलं आणि त्याच्या नावावर उगाच चढलेली सरकारी पट्टी उतरवली. पुढचं सांगताना माझं इकडचं तिकडं होईल. तिसरीतनं शाळा सोडलेल्या माणसाचं लिहिणं ते. पण एवढं तरी सगळ्यात वर असू दे.

तुम्ही गेल्याचं मला इथं सिकंदराबादेत कळलं, आणि तेही उशिरा. लढाई चालू आहे म्हणून आम्हाला काम आहे. कंत्राटदाराच्या वखारीत शिंपी ओळीनं बसतात आणि दिवसभर खाकी सदऱ्यांना बाह्या जोडतात. येरमाळ्याकडचा एक नवा गडी परवा माझ्या शेजारच्या मशीनवर बसला. सुईत दोरा ओवता ओवता म्हणाला, "कळंबची फुटाणेवाली म्हातारी गेली की. तुमची वळख होती न्हवं?"

मी मशीन थांबवलं नाही. थांबवलं असतं तर मुकादमानं विचारलं असतं, कोण गेलं, काय नातं. काय सांगणार होतो? बाही उलटी जोडली गेली. उसवत बसलो तेव्हा तो सांगत होता, की तुमच्या लिंगायतांच्या रीतीनं तुम्हाला बसवून नेलं, विभूती लावून. आणि पेठ बंद होती. बाजाराचा दिवस असून न्हाव्यापासून बुरडापर्यंत कुणी दुकान उघडलं नाही. तुम्ही असता तर ओरडला असता, "धंदा बुडवून रडता व्हय रं? पट्टी काय माफ होणाराय?"

असंच बोलायचा तुम्ही. कल्हईवाला असो, तेली असो, कचेरीतनं कागद आला की माणूस आधी तुमच्या भट्टीपुढं उभा. तुम्ही तापल्या वाळूत हरभरे हलवत हलवत ऐकायचा आणि झाऱ्यानं वाळू चाळत बोलायचा. कागद घरात लपवू नका, दुधावाणी नासतो, जितका उशीर तितका वास. दलालाच्या हाती देऊ नका, स्वतः जावा. हत्यार निराळं, माल निराळा, दोन्ही एका ठिकाणी दाखवू नका. जे आपलं आहे ते भरा, पावती घ्या, मग काय भांडायचं ते भांडा. हे तुम्हाला कुठून आलं, तर मालक वारल्यावर कचेरीनं तुमच्या भट्टीवर पट्टी बसवली आणि साठवलेल्या हरभऱ्यावर धान्याच्या व्यापाऱ्याची वेगळी बसवली, तेव्हा तुम्ही पायऱ्यांवर बसून ती उतरवून घेतली होती. ती गोष्ट तुम्ही दर वेळी थोडी वाढवून सांगायचा. मला पाठ होती, पण माझ्यावर येईल असं कधी वाटलं नव्हतं.

दोरा, सुया, मशीनचा चामडी पट्टा, हे आणायला मी बार्शीला जायचो. बार्शी इंग्रजांची, येडशी निजामाची, मधे ती छोटी गाडी. येडशीला उतरलं की करोडगिरीच्या नाक्यावर गाठोडं सोडून दाखवायचं, विकायचा माल असो की धंद्याचं सामान, जकात भरायची. माझ्या गाठोड्यात विकायचं कधीच काही नसायचं. मात्र चैत्राच्या आधी चोळ्या असायच्या. आमच्या भागातल्या लेकी बार्शीकडं दिलेल्या. त्यांचे नवस येरमाळ्याच्या येडाईला. जिच्यासाठी नवस बोललेला तिच्या मापाची चोळी शिवायची, यात्रेत देवीपुढं ठेवायची, मग तिनं ती अंगात घालायची. माझा मावसभाऊ बार्शीला दुकान लावतो, त्याच्या मशीनवर मी दोन-चार दिवस बसून त्या शिवायचो आणि इकडं घेऊन यायचो. आणि नवस फिटेपर्यंत तो कुणाचा, कशासाठी, हे बोलायचं नाही. शिंप्यानं तर मुळीच नाही. माझ्या बापानं मला कात्री धरायच्या आधी हे शिकवलं.

त्या वर्षी नाकेदार नवा होता. त्यानं चोळ्यांची चळत बघितली.

"किसका माल है?"

आता बायांची नावं कशी घेणार? मी म्हणालो, "अपना है साब."

"बेचने का?"

मी खाली बघितलं. त्यानं लिहून घेतलं. बजाज, कपड्याचा व्यापारी, विनापरवाना. गाठोडं ठेवून घेतलं आणि कागदासकट कळंबच्या तहसील कचेरीला धाडलं. चार दिवसांनी चपराशी माझ्या दुकानात आला. म्हणाला, तू एवढी वर्षं शिंप्याच्या नावाखाली कापड विकतोस, मागची सगळी पट्टी भर. माझ्याकडं कुठली? त्यानं मशीनच्या चाकाला दोरी गुंडाळून लाख लावली. तुम्हाला ठाऊक आहे, बापानं बैलजोडी मोडून ते मशीन घेतलं होतं. त्याच्याशिवाय मी कोण? आणि यात्रा तोंडावर आलेली. बायांच्या चोळ्या कचेरीच्या कोपऱ्यात.

मी तुमच्याकडं पळत आलो. तुम्ही अर्ज लिहून घेतला, मला घेऊन कचेरीत गेलात, आणि तिथं तहसीलदाराच्या कारकुनानं, पेशकारानं, एकच विचारलं. माल तुझा नाही म्हणतोस, मग ज्यांचा आहे त्यांची नावं सांग. नावं मी दिली नाहीत. अर्ज परत.

मग भट्टीपुढं आपलं जे भांडण झालं, ते आख्ख्या पेठेनं ऐकलं.

"नावं सांग आन मोकळा हो."

"अव्वा, नवस हाय."

"मग? येडाई काय कचेरीत कान देऊन बसलीय?"

"मोडला तर पाप माझ्या डोक्यावर."

"मशीन गेलं तर डोक्यावर काय ठिवशील? पाटी?" तुम्ही झारा आपटला. "नाक्यावर 'माझं' म्हणायला जीभ कशी वळली रं? जे आपलं न्हाय ते आपलं म्हणायचंच न्हाय. कपडा असू, धान असू, कर्ज असू. 'गिऱ्हाइकाचं हाय, शिवाय दिलंय' एवढंच म्हणायचं होतं. नाव कोन मागत होतं तवा?"

"मला सुचलं न्हाय."

"सुचत न्हाय तर सुम्निरू!" चिडलात की नळदुर्गाकडचं कानडी माहेर तोंडात यायचं; गप्प राहा, असं. "ऊठ हितनं. गिऱ्हाईक थांबलंय."

मी उठलो. घरी जाऊन बंद मशीनपुढं बसलो. खरं सांगतो, त्या दिवशी तुमचा फार राग आला होता. वाटलं, हिला काय, हिची भट्टी तर चालू आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्हीच दारात. भट्टी न पेटवता आलेल्या. डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा चढत चाललेला, उंबरा पायानं चाचपत आत आलात. म्हणालात, "नावं नको. मापं सांगू."

मला कळेना.

"अरं येड्या, माझी चोळी शेजारच्या पारूबाईला येती का? तूच शिवतूस की दोघींची."

मी शिंपी, मला हे सुचायला हवं होतं. तुम्हाला सुचलं.

तहसीलदारसाहेब सुपारी कातरत बसले होते. "अम्मा, फिर आये?"

"साब, गठडी खोलने कू बोलो."

गाठोडं आणलं. तुम्ही सतरंजीवर पाय पसरून बसलात, पेठेत बसावं तशा. एकेक चोळी मांडीवर घेतलीत. दिसत नव्हतं नीट, म्हणून बोटांनी दंड मोजायचात, पाठीला वीत लावायचात आणि मोठ्यानं सांगायचात.

"ये देखो साब, पोरी की है. ये मोटी बाई की, दंड देखो, मेरी मांडी जित्ता. ये बाळंतीन की, पुढं ढीला रखा. एक का दूसरी कू आता नै. व्यापारी ऐसा माल रखता क्या? बिकेगा किसकू?"

पेशकार कुरकुरला, "नाम पूछे तो माप बता रई बुढ्ढी."

साहेबांनी त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. पेशकार बांबूसारखा, साहेब गोल. "पेशकारजी, आपकी शेरवानी हमकू आती क्या?"

कचेरी हसली. मीसुद्धा हसलो, भीतीनं. तुम्ही मात्र हसला नाहीत. त्या वेळी तुमच्या हातात एक चोळी होती. रुंद पाठीची, हिरव्या खणाची, काठ तांबडा. तिला तुम्ही वीत लावलीत. परत लावलीत. मग स्वतःच्या दंडाला हात लावून बघितलात. आणि ती चोळी, न बोलता, चळतीच्या खाली सारलीत. पुढची उचललीत तेव्हा आवाज उतरला होता. साहेबांच्या ते ध्यानात आलं नाही. माझ्या आलं.

साहेब म्हणाले, "अम्मा, वकील हैं क्या आप?"

"नै साब. फुटानेवाली."

बजाज हा शब्द खोडला गेला. लाख काढायचा हुकूम झाला. चोळ्या मिळाल्या. दोरा, सुया आणि पट्टा यांची जकात मात्र भरावी लागेल, असं साहेब म्हणाले. मी हात जोडून "साहेब, ते बी" असं म्हणायला लागलो तर तुम्ही माझ्या दंडाला असा चिमटा काढलात की वळ उठला. "ते तुझं हाय. ते भर. पावती घे." भरलं. घेतली.

परत येताना गाठोड्याचं एक टोक तुम्ही धरलं होतं, रस्ता चुकू नये म्हणून. वाणीआळीच्या वळणावर विचारलंत, "त्यात एक रुंद पाठीची हाय. ती कुणाची रं?"

"सांगता येत न्हाय, अव्वा."

तुम्ही थोडं चाललात. "व्हय. न्हाय सांगायचं." आणि गाठोड्याचं टोक घट्ट धरलंत.

यात्रेत बाकीच्या चोळ्या ज्यांच्या त्यांना गेल्या. ती माझ्याकडंच राहिली, अजून माझ्या पेटीत आहे.

अव्वा, सारा उतरला नाही, नवस फिटला नाही, आणि ज्यांच्यासाठी बोलला त्याच उरल्या नाहीत. आता मोडायला काय उरलंय? सांगतो. ती तुमची होती. नीलव्वानं दिली होती. तुमची एकुलती लेक, बार्शीला दिलेली. तुमचे डोळे जायला लागले तेव्हा ती म्हणाली, भट्टी बंद कर, माझ्याकडं चल. तुम्ही म्हणालात, जावयाच्या दारात जाऊन खाऊ काय? तिनं येणं सोडलं, तुम्ही निरोप धाडायचं सोडलं. एवढं पेठेला ठाऊक होतं. पण मावसभावाच्या दुकानात ती खण घेऊन आली ते मला एकट्याला ठाऊक. म्हणाली, "आईचं माप तुझ्याकडं हायच की. तिच्या डोळ्यावरचा सारा उतरला तर देवीपुढं ठिवून माझ्या हातानं तिच्या अंगात घालीन. तिला सांगू नगंस. न्हायतर म्हनंल, पोरगी मिनतवारी करायली." मग खण माझ्या हातात दिला, दारापर्यंत गेली आणि परत वळली. "बरी हाय का ती?" मी बरी आहे म्हणालो.

मला वाटतं तुम्हाला त्या सतरंजीवरच कळलं होतं. स्वतःचं माप कुणाला ओळखू येत नाही? पण अंदाजानं कळणं वेगळं, आणि कुणीतरी येऊन "तुमच्या लेकीनं दिलीय" म्हणणं वेगळं. ते म्हणणारा मी एकटा होतो. मी नियम पाळला. बापाचा पाळला, देवीचा पाळला. रोज बाह्या जोडताना स्वतःला विचारतो, पाळलास ते बरं केलंस का? कधी उत्तर हो येतं. बहुतेक वेळा येत नाही. तिनं माझं तोंड बांधलं होतं, तुम्हीही "न्हाय सांगायचं" म्हणालात, मग माझं काय चुकलं? चुकलं नसेल. तरी एखादा माणूस बार्शीला जाऊन नीलव्वाला एवढं म्हणू शकला असता, की बाई, तुझ्या आईनं त्या चोळीला दोनदा वीत लावली, आता तूच जाऊन सांग. नवस तिचा, सांगायचा हक्क तिचा. तिला तो वापर म्हणायला मला कुणी अडवलं होतं? हे इथं आल्यावर सुचलं. तुमच्यासारखं लगेच सुचत नाही मला.

आणि दुसरं भांडण तर अर्धंच राहिलं. मशीन सुटल्यावर तुम्ही म्हणालात, बाजाराच्या दिवशी माझ्या भट्टीजवळ बस. मला आता कागदावरचा शिक्का बी दिसत न्हाय. तुझ्यावर काय बेतलं ते लोकांना सांग, म्हणजे दुसरा कुणी नाक्यावर 'माझं' म्हणणार न्हाय.

"अव्वा, मला भ्या वाटतं. कचेरीवाले नाव ध्यानात ठिवतील."

"त्यांनी कवाच ठिवलंय, दप्तरात. आता भिऊन काय मिळवणार?"

मी कंत्राटदाराच्या माणसाबरोबर निघालो तेव्हा सांगायला आलो. तुम्ही फुटाणे बांधून दिलेत, पण वर तोंड केलं नाहीत. "जा. खाकी शिव. तितं माप बी घ्यायचं न्हाय, समदी एकाच मापाची." टोमणा होता. मी हसून सोडला. इथं बसल्यावर तो रोज लागतो. इथं खरोखरच कुणाचं माप नाही, अव्वा. तीन आकड्यांत सगळी पलटण बसते.

आणि निघताना तुम्ही पुटपुटलात, "बार्शीवरनंच गाडी जाती न्हवं?" मी म्हणालो, "व्हय, कुर्डुवाडीला जायाला." तुम्ही थांबलात. मी पण थांबलो. मग एक गिऱ्हाईक आलं, शेरभर चुरमुरे मागायला. ते गिऱ्हाईक थोडं उशिरा आलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता? निरोप दिला असता? मी बार्शीच्या फलाटावर उतरलो होतो, पाणी प्यायला. तिथनं तिचं घर दूर नव्हतं. गाडी सुटेल या भीतीनं नळाजवळच उभा राहिलो.

तुम्ही मला ओरडलात, हाकललंत, परत दारात आलात. माझी आई मी लहान असताना गेली; पण कुणी चिमटा काढून बरोबर रस्त्यावर आणावं हे सुख मला तुमच्याकडनं मिळालं. कधी बोललो नाही. "अव्वा, उपकार झाले" एवढं साधं वाक्यही नाही. वाटायचं, बोललो तर तुम्ही म्हणाल, "उपकाराची पावती दे."

तो येरमाळ्याचा गडी काल त्याचा कागद दाखवत होता. मशीन घेऊन इकडं आला, गावातलं दुकान बंद केलं, तरी त्याच्या नावावर पट्टी चालूच आहे. मी काल "बघू" म्हणालो आणि मान खाली घातली. रात्रभर बरं वाटलं नाही. आज सकाळी मुकादमासमोरच त्याला सांगितलं. लपवू नको. धंदा कुठल्या महिन्यात बंद केला ते कचेरीला लिहून दे, त्या महिन्यापर्यंतचं भर, पावती घे, मग पुढचं खोडायला सांग. दलाल करू नको, भावाला पाठव. तो म्हणाला, "तुमाला कसं ठाऊक?" मी तुमचं नाव सांगितलं. मुकादम ऐकत होता, तरी सांगितलं.

याला मी फेड म्हणत नाही. फेड अजून व्हायची आहे. काम उरकलं, दोन पैसे गाठीला लागले, की मी इथनं सुटेन. वाटेत बार्शीला उतरेन आणि गाडी सुटली तर सुटू देईन. नीलव्वाच्या हातात तिनं शिवायला दिलेली चोळी देईन आणि तुम्ही ती कशी धरली होतीत ते करून दाखवेन. ती रडेल, मला बोलही लावेल, ऐकून घेईन. मग कळंबला येईन. बाजाराच्या दिवशी तुमची भट्टी होती तिथं सतरंजी टाकेन, आणि जो कागद घेऊन येईल त्याला मोठ्यानं सांगेन, कुणी ऐको, कचेरी ऐको. मला भ्या वाटेल. तरी उठून जाणार नाही. तुमचं देणं मी असं फेडीन, अव्वा, एकेका माणसागणिक, जमेल तोवर.